खोटं न बोलता रडायचं कसं, गौतमी

गौतमी, आधी मी जायचं ठरलं होतं. थोरली जाऊ मी. गुडघे माझे गेलेले, साखर माझी वाढलेली, एका डोळ्यानं धुरकट मला दिसायचं. तू तर पहाटे उठून विहाराचं अंगण झाडून यायचीस आणि वर मलाच विचारायचीस, "बाई, उठल्या का नाई अजून?" आपलं अंगण एक, दारं दोन. मधल्या ओट्यावर तूर निवडत बसलो की तू माझ्या मैतीचा बेत आखायचीस, जशी काही माझी सोयरीकच जमवायला निघालीस.

"तुमच्या मैतीत मी कोनाले गळा काढू देनार नाई, बाई. पांढरा कपडा, मेनबत्त्या, त्रिशरण, पंचशील. बस. शांत."

"अन् कोनीच रडलं नाई तं मी उठून बसीन. म्हनीन, एवढी वाईट होती का वो मी?"

"बसा उठून. मी परत लेटवीन."

हे आपलं इतक्यांदा झालं होतं की माझी सून स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कोनाची मैत करून राहिल्या वो दोघी?"

आणि शेवटी तू काय केलंस, तर रांग मोडून पुढं निघून गेलीस. रेशनच्या दुकानात कधी कोणाला रांग मोडू दिली नाहीस तू. सौंसरचा कंट्रोलवाला तुला पाहिलं की आपोआप सरळ उभा राहायचा. ती तू, आणि इथं मात्र मला कोपरानं ढकलून पुढं. राग तर आहेच मला. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

पुढचं म्हणजे रडण्याचं. आपला वाद तसाच राहिला ना अर्धा.

तुला माहीत आहे, पण आजकालच्या पोरींना सांगितलं तर पटत नाही, की मी तरुणपणी रडण्यात नामांकित होते. मोहगावची देवका. आमच्याकडे बाया नुसत्या रडत नसत, चालीवर रडत. एकमेकींच्या गळ्यात पडून मेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सांगायचे, सूर लावून, आणि प्रत्येक गुणाच्या शेवटी "वो माय" करून श्वास घ्यायचा. माझ्या आईकडून आलं मला ते. मोहगावात कोणी गेलं की बाया आधी विचारायच्या, देवका आली का? आणि ही देवका, बांगडीएवढं डोकं आणि घागरीएवढा गर्व, मुद्दाम थोडी उशिरा पोचायची. मला खरंच वाटायचं की मेलेला माणूस माझ्या रडण्याची वाट पाहत पडून आहे, मी आले की मगच तो समाधानानं जाईल. एकदा नात्यातली एक म्हातारी गेली म्हणून बसनं एका गावी गेले. रिवाजाप्रमाणे गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला, एका घरासमोर माणसं जमलेली दिसली तशी पदर तोंडावर घेऊन आत शिरले आणि समोर आली त्या बाईच्या गळ्यात पडले. आत पाळणा सजवलेला होता. पोराचं नाव ठेवत होते. मैत पुढच्या गल्लीत होती. ती बाई बिचारी माझी पाठ थोपटत म्हणाली, "असू द्या, पेढा घ्या." मी पेढा घेतला. खाल्लाही. मग पुढच्या गल्लीत जाऊन पुन्हा पहिल्यापासून रडले.

ही गोष्ट तुला सांगितली तेव्हा तू हसली नाहीस. तू विचारलंस, "मंग बाळाचं नाव काय ठेवलं?" असा तुझा स्वभाव. कामाची गोष्ट काय ते बोला.

तू या घरात आलीस पांढुर्ण्याहून, मॅट्रिक झालेली, वडील तिथल्या विहारात वंदना घेणारे. धर्मांतर झालं त्यानंतरचा तुझा जन्म, म्हणून नाव गौतमी. माझा आधीचा, म्हणून मी देवका. तुला येऊन वर्षही झालं नव्हतं आणि आपली सासू गेली. मी मोठी सून. सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर, आणि मला तर तेच पाहिजे होतं. मी असा काही सूर लावला की बाहेर बसलेल्या बाप्यांनी बिड्या विझवल्या. "जिभेवर साखर ठेवनारी माही सासू वो माय! घास भरवनारी माही सासू वो माय!" तू माझ्या शेजारी, पदरात तोंड लपवून, गदगद हलत होतीस. बाया म्हणाल्या, धाकटीलाही किती लागलं पाहा. मलाही वाटलं, चला, चेली मिळाली.

संध्याकाळी चुलीपाशी तू हळूच जवळ सरकलीस.

"बाई, एक इचारू?"

"इचार."

"सासूबाईनं तुमाले साखर कधी देली हो?"

मी चूल फुंकत राहिले. आपल्या सासूनं साखरेचा डबा कुलुपात ठेवला होता, गौतमी, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. माझा चहा गुळाचा, तोही तिच्या मूडावर.

"नाई देली."

"मंग?"

"मंग काय मंग? रडतानी कोनी खरंखोटं पाहते का?"

"पन सकाळीच तं पंचशील म्हटलं आपन. मुसावादा वेरमणी. खोटं बोलनार नाई म्हटलं. मढं उचलाच्या आधीच मोडलं तुमी."

तेव्हा मला कळलं की तू रडत नव्हतीस. हसत होतीस. मी फुंकणी उगारली तुझ्यावर. तू पुन्हा पदरात तोंड घातलंस. मग माझंही सुटलं. सुतकाचं घर म्हणावं, तर तसलं सुतक आपल्यात उरलं नव्हतं, पण दोन सुनांनी चुलीपाशी बसून इतकं हसावं हे कोणत्याच धर्मात बसत नाही. त्या दिवसापासून तू माझी झालीस.

पण मी काही सुधारले नाही. मला पंचशील पाठ होतं ते लहानपणापासून, जसं रेल्वेचं भाडं पाठ असतं. तुझ्यासाठी ते रोजचं होतं. पाण्याला जाताना, अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना, भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही तू मनातल्या मनात त्यातलं एकेक तपासत असायचीस. मला ते फार जाचायचं. पुनवेला तू अष्टशील घ्यायचीस, दुपारनंतर जेवण बंद. तुझ्या नादानं मीही घेतलं. सकाळी पांढरी साडी नेसून विहारात हात जोडून बसले, आणि दुपार कलली तशी माझ्या पोटात कावळे. आपल्या बगीच्यातली संत्री नुकतीच घरी आली होती. मी मागच्या परसात जाऊन एक सोललं. आता संत्रं लपवता येतं का? ते सोलणाऱ्याच्या आधी त्याचा वास घरात जातो. तू दारातूनच बोललीस.

"बाई, काय करून राहिल्या?"

"काई नाई. सोलून नुसतं पाहिलं, आतून गोड हाय का नाई."

"पाहून कसं समजते?"

माझ्या तोंडात फोड होती.

"बाई, खाल्लं तं एकच शील मोडलं. 'नुसतं पाहिलं' म्हटलं तं दोन मोडले. खाऊन घ्या अन् खाल्लं म्हना, स्वस्तात पडते."

हे बोलून तू निघून गेलीस. मी ते अख्खं संत्रं खाल्लं आणि मोठ्यानं म्हणाले, "खाल्लं." तू आतून म्हणालीस, "साधू साधू."

लोकांना वाटायचं की तुझा राग रडण्यावर आहे. महिला मंडळाची तू पुढारीण झालीस, मग सौंसरात कुठल्याही बौद्ध घरी मैत झाली की तू आधी पोचायचीस. गळा काढणाऱ्या बायांना हाताला धरून बसवायचीस, मेणबत्ती हातात द्यायचीस, "म्हना माझ्यासंगं" म्हणायचीस. माझी तर कलाच बसवलीस तू. नव्या पोरी म्हणायच्या, गौतमीताईंना अश्रू चालत नाहीत, सगळं अनित्य आहे म्हणतात. मी मात्र पहिल्या दिवसापासून जाणून होते, तुझं वाकडं अश्रूंशी नव्हतंच. साखरेशी होतं.

तरी मी तुला डिवचायची संधी सोडली नाही. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात ग्रंथवाचन चालायचं, आणि तू हट्टानं मला वाचायला बसवायचीस. मी चौथी शिकलेली, त्यालाही जमाना झालेला. ओळीखाली बोट धरून, जोडाक्षर आलं की बैलगाडी दगडावर चढावी तशी थांबत थांबत. बाया जांभया द्यायच्या. तू एकीलाही उठू दिलं नाहीस. "बाई वाचून राहिल्या," एवढंच म्हणायचीस, आणि त्या आवाजापुढं कोणाची हिंमत नव्हती. आज हे मी लिहिते आहे, त्यातलं अर्धं श्रेय त्या जांभयांना आहे.

तर एकदा माझ्या वाट्याला भगवंतांच्या महापरिनिर्वाणाचा भाग आला. आनंद दाराला धरून रडतो, तिथं मी पोचले. मी बोट तिथंच ठेवलं आणि चष्म्यावरून तुझ्याकडं पाहिलं.

"आनंद रडला, गौतमी."

"पुढं वाचा."

"वाचतो नं. पन रडला. इतके वर्ष बुद्धासंगं राहून रडला."

"तो तवा अरहंत झाला नव्हता, बाई."

"मी तरी कुठी झाली?"

अख्खं विहार हसलं. भंतेजी चिवराचा पदर सावरायच्या निमित्तानं दुसरीकडं वळले. तू म्हणालीस, "आनंद रडला, पन भगवान जसे नव्हते तसे सांगून नाई रडला. जसे होते तसेच सांगून रडला. तुमाले जमते का तसं? मंग रडा."

सगळ्या बायांसमोर तू मला रडायची परवानगी दिलीस, आणि अट अशी घातलीस की मला ती पुरी करता येईना. घरी आल्यावर मी तूर निवडताना प्रयत्न करून पाहिला. आपल्या गेलेल्या नवऱ्यांवर, आपल्या सासऱ्यावर. जसे होते तसे म्हणायचं, आणि सूर लावायचा. होतच नाही ते. "उसाचे पैसे पत्त्यात घालनारे माहे मालक वो माय." तू पाय ओढत बाहेर आलीस आणि हात जोडलेस. "बाई, शेजारी आयकून राहिले."

मग तुझं पोटाचं दुखणं आलं. नागपूरच्या दवाखान्यात तू होतीस, तुझी लेक प्रज्ञा तुझ्यापाशी, आणि मी आपली एक दिवस आड सौंसरहून बसनं. एका दुपारी प्रज्ञा खाली औषधं आणायला गेली, तेव्हा तू डोळे मिटूनच म्हणालीस,

"बाई, माह्यावर काय रडाल?"

"शुभ बोल."

"शुभच बोलून राहिली. मी राहनार नाई तवा. आयकलं पाहिजे मले आत्ता. म्हना."

बाजूच्या खाटेवर एक बाई झोपलेली होती. मी खुर्ची जवळ ओढली, तोंड तुझ्या कानाशी नेलं आणि अगदी बारीक आवाजात लावला सूर. इतक्या वर्षांनी.

"अमृतावानी बोलनारी माही गौतमी वो माय."

"खोडा ते. मी अमृतावानी कवा बोलली?"

"साऱ्या गावाची माय होती वो माय."

"अर्ध्या गावाच्या बाया माह्याशी बोलत नाईत. खोडा."

"मुंगी मारली नाई कधी हातानं वो माय."

"आंगनवाडीत उंदराचं औषध कोन ठेवत होतं? मीच. खोडा."

मला घाम फुटला, गौतमी. मी आयुष्यात कितीकांवर रडले, पण मेलेल्या माणसानं मध्येच टोकलं, असं कधी झालं नव्हतं. मी पुढं म्हटलं, "बोरिंगवर माह्यासाठी भांडली वो माय." तुला आठवतं ते. वरच्या आळीच्या एका बाईनं माझा भरलेला पाण्याचा गुंड पायानं बाजूला सारला होता आणि मी मुकाट दुसरीकडं निघाले होते. तू नवीन नवरी, डोक्यावरचा पदर न ढळू देता त्या बाईसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, उचला आणि होता तिथं ठेवा. तिनं ठेवला.

"भांडली नव्हती," तू म्हणालीस. "सांगतलं होतं."

"वरडून."

"...राहू द्या ते."

"मले अक्षर दाखवलं वो माय."

मग तुझा हात चादरीवरून सरकत माझ्या मनगटावर आला. "हे राहू द्या," तू म्हणालीस. "पन चाल जरा कमी करा."

उरल्या दोन ओळी. मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढं पुरे झालं. लांबवू नका."

तू गेलीस, आणि शनिवारी तुला घेऊन गावाकडं निघालो. बोरगावपासून पुढं जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांची ही रांग. आपली गाडी अडकली. मग कोणीतरी आत काय आहे ते पाहिलं आणि बातमी पुढं सरकत गेली असावी, कारण एकेक गाडी बाजूला होऊ लागली. एका बाईनं खिडकीतून माझ्या हातात प्रसादाची पुडी ठेवली. परत फिरली होती ती दर्शन करून. तिला काय माहीत आपण कोण. मी घेतली. खाल्ली पण. तुझ्या उशाशी बसून तुला मोठ्यानं सांगितलंही, "खाल्लं." सवय लावून ठेवलीस ना.

मैतीत मी शब्द राखला. म्हणजे तसा शब्द मी कधी दिला नव्हता, पण तुझ्या अंगणवाडीतली सगळी पोरं, तू बसवलेल्या त्या सगळ्या बाया, पांढऱ्या साड्या नेसून मेणबत्त्या धरून उभ्या, आणि मी मध्येच गळा काढू? पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला माझा आवाज चिरकला, तेवढं सोड. पण पुढं शोकसभा झाली. बाप्ये माईकवर आले. एक म्हणाला, मितभाषी. दुसरा म्हणाला, अत्यंत मृदू स्वभावाच्या. तिसरा म्हणाला, त्यांनी कधी कोणाला दुखावलं नाही. तुला तिथं असं सपाट पडलेलं पाहून मला वाटलं, आता उठेल. आता बोट दाखवून म्हणेल, खोडा. तू ज्याला भर सभेत बोलून खाली बसवलं होतंस, तोच मितभाषी म्हणून गेला. आम्हा बायांच्या तोंडाला तू कुलूप घातलंस, आणि खोटं माईकवर चालू राहिलं. हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं. आता सांगितलं.

पण माझं लक्ष प्रज्ञाकडं होतं.

तुझी लेक. कॉलेजात शिकवते, बोलते पुस्तकासारखं, उभी राहते तुझ्यासारखी. सगळं तिनंच केलं. अग्नी तिनंच दिला. घरी आल्यावर पाहुण्यांचा चहा, मंडपवाला, भंतेजींच्या भोजनदानाची तयारी, तुझा फोटो मोठा करून आणणं. एक टिपूस नाही. बसणं नाही. जेवली तर उभ्यानं, एका हातात मोबाईल. विहारातल्या बाया कौतुकानं म्हणाल्या, "आईच्या वळनाची हाय. पाहा किती शांत." मला ते शांत वाटेना. शांत माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं आहे, तू शेवटच्या आठवड्यात शांत होतीस. ही पोरगी तशी नव्हती. तुझ्या साड्या तिनं धुतल्या, वाळल्या, घडी केल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतल्या. मी विचारलं तर म्हणाली, "मोठीआई, डाग होता." कुठंच डाग नव्हता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी ती नागपूरला परतणार होती. मला सारखं वाटत होतं की ही अशीच बसमध्ये बसेल, अशीच वर्गात उभी राहील, आणि आतलं सगळं दगड होऊन जाईल. कारण तिला वाटत होतं की आईचा हुकूम आहे. तुझा नियम तुझीच लेक पाळत होती, गौतमी, आणि तिला तो अर्धाच माहीत होता.

काल पुण्यानुमोदन झालं. परित्राणपाठ झाला, जेवणं झाली, लोक पांगले. मागं परसात मोठी भांडी घासायची राहिली होती. प्रज्ञा खिरीचा गंज घेऊन बसली. तळाला लागलेली खीर खरवडत होती, तोंड मिटून, जोर लावून, जसं काही गंजाशीच वैर. मी गुडघे धरत धरत तिच्यासमोर जाऊन बसले. आणि हळूच, तिच्याकडं न पाहता, सुरू केलं.

"अमृतावानी बोलनारी माही गौतमी वो माय."

तिचा हात थांबला. "मोठीआई, हे काय?"

"रडून राहिली मी. तू भांडे घास."

"अमृतावानी? आई?"

"मंग कशी बोलत होती?"

"करवतीवानी," ती म्हणाली. आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. तुझ्यासारखाच, पदराच्या आतला.

"मंग तसंच म्हन."

"मले चाल नाई येत."

"चाल नाई लागत. तुह्या आईचा नियम हाय, खरं तेवढंच म्हनाचं. रडू नका असं नव्हती म्हनत ती. खोटं रडू नका म्हनत होती."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा गंजाकडं. आणि सुरुवात केली. चाल नाही, सूर नाही, हजेरी घेतल्यासारखं. "आई, तू माझी वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे वर ताणायचे. आई, तू सायकल उतारावर सोडून दिली, मी पडली, तू म्हणाली उठ. आई, तू पावसात शाळेत छत्री घेऊन आली अन् सगळ्यांसमोर रागावली की छत्री काहून विसरली." घासणी चालू होती. "आई, मी पहिली आली तर तू विचारलं, दुसरी आली तिच्यात अन् तुझ्यात फरक किती. आई, मी नोकरीला लागली तर तू म्हणाली, वेळेवर जात जा." घासणी थांबली. "आई, तू मले एकदाही शाबास म्हटलं नाई."

आणि मग आलं. गंजात पाणी पडावं तसं पडलं ते, आवाज करून. मी तिला जुन्या रीतीनं गळ्याशी धरलं, एक हात मानेवर, एक पाठीवर, जसं आईनं मला शिकवलं होतं. मागच्या दारात विहारातली एक बाई येऊन उभी राहिली. "देवकाबाई, गौतमीताईले हे आवडलं नसतं."

"तिले खोटं आवडत नव्हतं," मी म्हटलं. "यातलं काय खोटं हाय ते सांग, नाईतर तो तवा घेऊन घासाले बस." ती बसली. घासता घासता तिनंही डोळे पुसले. काय खरं आठवलं तिला कोण जाणे.

आता राहिली तुझी माझी भानगड. त्या दुपारी दवाखान्यात, दोन ओळी उरल्या त्यानंतर, सिस्टर सलाईन बदलायला आली त्याच्या आधी, तू आणखी एक बोलली होतीस. ते मी प्रज्ञाला सांगितलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तिथंच सांगितलं. तुझी आई म्हणाली होती, पोरगी माझ्याहून शहाणी निघाली, मला तिचा गर्व वाटतो.

ती सरळ झाली. नाक पुसलं. आणि माझ्या डोळ्यात पाहून विचारलं, "मोठीआई, हे खरं हाय, का रडन्यातलं?"

गौतमी, त्या वेळी मला आपल्या सासूची साखर आठवली आणि माझीच मला लाज वाटली. आयुष्यभर मेलेल्यांच्या तोंडी गोड घालणारी बाई मी. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? शपथ घ्यायची तर कोणाची घेऊ? देव तर आपण ठेवले नाहीत. मग मला एकच सुचलं. मी तुझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, तुझ्याच आवाजात, शेवटचा शब्दही न गाळता: "पोरगी माह्याहून शहानी निघाली, बाई. गर्व वाटते मले. पन सांगू नका तिले. डोक्यात जाईन तिच्या."

प्रज्ञा ऐकत होती. 'डोक्यात जाईन तिच्या' ऐकलं आणि तिचा चेहरा पालटला. "ही आईच," ती म्हणाली. "असं दुसरं कोनी बोलतच नाई." आणि मग ती जे रडली, त्याला चाल होती. कुठून आली देव जाणे. देव नाही, कोण जाणे.

आज सकाळी ती नागपूरला गेली. जाताना बसून जेवली.

तू 'सांगू नका' म्हणाली होतीस, हे मला चांगलं आठवतं. पण मी 'बरं' म्हटलं नव्हतं, गौतमी. मी फक्त तुझं पांघरूण नीट केलं होतं.